ऐंशी किलो आणि एक मिशी

सूड हा मानवजातीचा सर्वांत जुना धर्म आहे. राज्यं आली, राज्यं गेली, पण खरा सूड घेणाऱ्याचा हात आजवर कधी थरथरलेला नाही.

माझा थरथरत होता. पण तो खांद्यापर्यंत आईस्क्रीमच्या डीप फ्रीजरमध्ये होता आणि बाहेर संक्रांतीची थंडी होती, हे लक्षात घ्यायला हवं. हातात जेवणाचे गोठलेले डबे, दातांत विजेरी, आणि फ्रीजरचं उघडं दार माझ्या टकलावर हळूहळू टेकत चाललेलं. दुपारचे तीन वाजले होते. दुकानाचा मालक, म्हणजे माझा मेहुणा रणधीर इंगवले, माडीवर घोरत होता. ते घोरणं थांबेपर्यंत मला वेळ होता.

"दाजी," मागून आवाज आला, "काय करालाय?"

रणधीरची बायको उज्ज्वला दारात उभी होती, हातात तिळगुळाचं ताट.

मी चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली. लोकांना रंगेहाथ पकडणं हाच माझा धंदा. पकडलं जाण्याचा अनुभव मात्र निवृत्तीनंतर आला. विजेरी तोंडातून काढून मी म्हणालो, "तपासणी."

"कसली?"

"जेवणाची."

तिनं ताट गल्ल्यावर ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "सरका. बगू दे."

*

सगळं एका जिलेबीवरून झालं. त्याआधी दीड महिना, मार्गशीर्षात, रणधीरच्या मुलीचं लग्न होतं. कोल्हापुरातलं लग्न आणि मुलीचा बाप रणधीर, म्हणजे पंगतीत आग्रह किती याची कल्पना करावी. पंगत हा माझा एकमेव छंद. दारू नाही, पत्ते नाहीत, राजकारण नाही; पण केळीच्या पानासमोर मांडी घालून बसलो की मला माणसाच्या जन्माला आल्यासारखं वाटतं. त्या वेळी माझं वजन ब्याण्णव किलो होतं आणि मी कोणाचंही काही बिघडवत नव्हतो.

रणधीर ताट घेऊन माझ्यासमोर आला आणि पानात एकेक जिलेबी टाकत मोठ्यानं मोजायला लागला.

"नऊ... दहा... अकरावी! मंडळी, दाजी अकरावीत गेले! आता बारावीची परीक्षा तेवढी राहिली!"

दोनशे माणसं हसली. व्याही हसले. ज्यांना मी ओळखत नव्हतो तेही हसले. समोरच्या पंगतीत माझी बायको मालन बसली होती, ती पानाकडे बघत राहिली.

हसू मिळालं की रणधीरला थांबता येत नाही. "दाजींनी जन्मभर दुसऱ्याचे काटे तपासले," तो म्हणाला, "पण घरच्या काट्यावर काही उभारले न्हाईत. मे महिन्यात एकसष्टी हाय त्यांची. अक्काच्या माहेराकडनं गूळतुला मी करणार! गुऱ्हाळवाल्यांनो, आत्ताच सांगतो, दोन हंगामांचा ऊस राखून ठेवा!"

बोलता बोलता त्यानं वाढलेली बारावी जिलेबी मी उचलली होती, ती पानात परत ठेवली. आयुष्यात प्रथमच.

"ऐंशी," मी म्हणालो.

"काय ऐंशी?"

"त्या दिवशी ऐंशी किलोच्या वर गुंजभर जरी भरलो, तर या घराण्याच्या पंगतीला पुन्हा बसणार नाही. जिवंत असेपर्यंत वाढपी म्हणून उभा राहीन. बारशापासून बाराव्यापर्यंत."

"आणि न्हाई भरला तर?"

"तर तुझी मिशी. तिथंच. सगळ्यांसमोर. आणि मग जिलेबी वाढायची, बारापर्यंत मोजून."

रणधीरची मिशी ही चेष्टेची गोष्ट नव्हती. वीस वर्षांत तिला वस्तरा माहीत नव्हता. रोज सकाळी तिला तूप लागे, रविवारी बदामाचं तेल. घरात तिचा मान रणधीरच्या आईच्या खालोखाल होता, आणि आई वारल्यावर तोही प्रश्न मिटला होता.

त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "मान्य," तो म्हणाला. "घ्या, बारावी खावा. शेवटची."

*

वजन कसं उतरवायचं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या खात्यात वजन कमी भरलं की खटला भरत, शाबासकी देत नसत.

मार्ग रणधीरच्याच दुकानात होता. त्याच्या 'हिमगौरी आईस्क्रीम'मध्ये एका पुण्याच्या कंपनीचं गोठवलेलं तयार जेवण विकायला असे. काळी प्लास्टिकची थाळी, वर पारदर्शक पापुद्रा, आणि त्याभोवती पुठ्ठ्याचं वेष्टन. हिरव्या वेष्टनातलं जेवण वजन उतरवणाऱ्यांसाठी: अडीचशे ग्रॅम, दोनशे साठ कॅलरी. लाल वेष्टनातलं 'शाही', म्हणजे ज्यांना मरणाची भीती नाही अशांसाठी. थाळी दोन्हीची सारखीच.

"साठ हिरवे दे," मी रणधीरला म्हणालो. "महिन्याचे."

"साठ?" त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमच्या फ्रीजात चार मावायचे नाहीत दाजी. असू देत इथंच. रोज संध्याकाळी या, दुसऱ्या दिवशीचे दोन घेऊन जावा. मी स्वतः पिशवीत घालून देतो. घरचंच हाय की."

मला भरून आलं होतं, हे आज कबूल करतो.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घातली. सकाळी एक भाकरी, दुपारी हिरवा डबा, रात्री हिरवा डबा. प्रत्येक घासाच्या कॅलरी मांडायच्या. चहात साखर नाही. शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद मी चिमटीत धरून अंदाजे बारा कॅलरीचा खाल्ला आणि तसा लिहिला.

आणि जेवण काय होतं! खिचडीवर तुपाचा तवंग, पुलावात काजू, भाजीचा रस्सा असा की थाळी चाटावी. मालनला मी म्हणालो, "पुण्याच्या लोकांना आपण उगाच नावं ठेवतो. दोनशे साठ कॅलरीत एवढी चव! यांच्या बायकांना दंडवत घालायला पाहिजे." कंपनीला मी एक प्रशस्तिपत्रही पाठवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. बहुधा त्यांनाही ते कोणत्या जेवणाबद्दल आहे हे समजलं नसावं.

तीन आठवड्यांनी मी वजन केलं. त्र्याण्णव.

पाच आठवड्यांनी चौऱ्याण्णव.

घरचा काटा मी स्वतः प्रमाणित वजनं ठेवून तपासला होता. काटा खरा होता. वही खरी होती. मग खोटा कोण, याचं घरात एकच उत्तर निघत होतं.

"बाहेर कुठं खाता?" मालननं विचारलं.

"कुठं नाही."

"मला सांगा. मी रणधीरला सांगणार न्हाई."

"अगं, शपथ..."

"शपथ घालू नका. शपथेनं वजन उतरत न्हाई." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "चौतीस वर्षं तुम्ही कुणाच्या चहाला हात लावला न्हाई म्हणून मी माहेरात मान ताठ ठेवून वावरले. आणि आता म्हातारपणी चोरून भजी खाता."

माझ्यावर नोकरीत हल्ले झाले होते. एकदा एका किराणा दुकानदारानं अंगावर पाच किलोचं माप फेकलं होतं. तेही एवढं लागलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी डबे आणायला गेलो तेव्हा रणधीर अतिशय प्रेमानं बोलला. "वजन काय म्हणतंय दाजी?" त्याची मिशी मला त्या दिवशी आणखीच मोठी वाटली. विजयानं माणसाची मिशी वाढते की काय, अशी शंका आली. पट्ट्याचं टोकही नेहमीपेक्षा लांब लोंबत होतं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. निरीक्षक निवृत्त होतो तेव्हा डोळे घरी घेऊन येतो, पण डोकं बहुधा खात्यात जमा करतो.

रात्री झोप येईना. सकाळी उठलो आणि निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी दिलेला छोटा काटा माळ्यावरून काढला. दुसरं काही सुचेना म्हणून हिरवा डबा त्यावर ठेवला. वेष्टन काढलं, थाळीचं वजन वजा केलं.

तीनशे ऐंशी ग्रॅम.

वेष्टनावर अडीचशे लिहिलेलं. मी परत मोजलं. तीनशे ऐंशी.

मी खाली बसलो. चौतीस वर्षांत मी कमी मालाचे हजारो गुन्हे पकडले. मापाला खालून मेण, काट्याच्या दांडीला शिसं, रॉकेलच्या डब्याला आत पोचे. पण छापल्यापेक्षा जास्त माल देणारा व्यापारी मला संपूर्ण जिल्ह्यात भेटला नव्हता. जास्त माल कोणी चुकून देत नाही. जास्त माल द्यायला मनात पाप असावं लागतं.

*

आता परत संक्रांतीच्या दुपारी, फ्रीजरपाशी.

उज्ज्वलानं माझ्या ढिगातला एक हिरवा डबा उचलला, वेष्टन सरकवलं आणि आतल्या तुपकट खिचडीकडे बघत राहिली. मग फ्रीजरच्या तळाशी, मँगो कुल्फीच्या खोक्यामागे हात घातला आणि लाल डब्यांची एक वेगळी चळत काढली. एक लाल वेष्टन सरकवलं. आत फिकट, ओलसर, तूप म्हणजे काय हे न कळलेला दलिया.

"आत्ता समजलं," ती म्हणाली.

"काय?"

"हे रोज ह्यातनंच खातात. मी म्हणलं, शाही सोडून हे पांचट काय खाताय, तर म्हणाले, दुकानाचा माल मालकानं चाखावा लागतो." तिनं दलिया नाकाजवळ नेला आणि लांब केला. "तुमच्या हिरव्यात शाही घातलं, मग तुमचं हे लाल वेष्टनात उरलं. गिऱ्हाइकाला द्यावं तर शाहीचे पैसे देऊन दलिया निघाल्यावर बोंब. आणि टाकायचं तर ह्यांच्या जिवावर येतंय. सासूबाईंनी शितही टाकू दिलं न्हाई कधी. मग स्वतःच खात बसले, दोन वेळा."

"म्हणजे माझं पथ्य..."

"ह्यांनी पाळलं. सहा किलो उतरलेत. पट्ट्याला दोन भोकं नवी पाडलीत. नवी पँट शिवाला टाकलीय."

मला आधी राग आला नाही. आधी ते सगळं नीट जागेवर बसलं: लोंबणारा पट्टा, बारीक झालेल्या तोंडावर मोठी वाटणारी मिशी. मग राग आला. भूक मी सोसली होती, साखर मी सोडली होती, प्रसाद मी चिमटीत खाल्ला होता, आणि वजन उतरलं होतं त्याचं!

"मी वर जातो," मी म्हणालो. "आत्ता. झोपेतून उठवून..."

"आणि काय करणार? हसतील. म्हणतील, गंमत केली दाजींची. तुम्हीपण हसाल मग नाइलाजानं." तिनं हिरव्या वेष्टनातली खिचडी बाहेर काढली, लाल वेष्टनातला दलिया काढला, आणि शांतपणे दोन्ही वेष्टनं अदलाबदल करून चढवली. "माझी बी गंमत केली होती ह्यांनी. पोरीच्या लग्नात व्याह्यांसमोर म्हणाले, हिला स्टेजवर चढवू नका, मांडव बसंल. मी बी हसले होते."

माडीवरचं घोरणं क्षणभर थांबलं. आम्ही दोघं थिजलो. ते परत सुरू झालं.

"वरचा थर राहिला," उज्ज्वला म्हणाली. "हात चालवा."

*

त्यानंतरचे चार महिने हे माझ्या आयुष्यातले सर्वांत उपाशी आणि सर्वांत सुखी महिने होते.

दर महिन्याला मी साठ हिरवे डबे विकत घेई. दर सोमवारी दुपारी रणधीर त्यातल्या पुढच्या आठवड्याच्या डब्यांची वेष्टनं बदलून ठेवी. मंगळवारी तो बँकेत गेला की उज्ज्वला ती परत जागेवर घाली. कारखान्याच्या दोन पाळ्या असाव्यात तसं ते काम बिनबोभाट चाले.

मला आता खरं हिरवं जेवण मिळू लागलं. ते ओल्या पुठ्ठ्यासारखं लागे. एकदा मी चुकून वेष्टनाचा कोपरा खाल्ला आणि दोन घास झाल्यावर मला ते कळलं. पथ्याला चव नसते. चव लागली की चौकशी करावी, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

वजन उतरू लागलं. नव्वद. सत्त्याऐंशी. चौऱ्याऐंशी. पण ते रणधीरला दिसता कामा नये. म्हणून मी नातवाची लहान उशी पोटावर बांधायला लागलो, वरून जुना ढगळ सदरा. मालननं पहिल्या दिवशी उशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिला मी खरं सांगितलं नव्हतं. भाऊ तो भाऊ. शिवाय तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता, आणि मला तिच्यावरही थोडासा सूड घ्यायचा होता. सूड एकदा घरात आला की सगळ्या खोल्यांतून हिंडतो.

रोज संध्याकाळी मी दुकानात जाऊन उशीवर हात ठेवून सुस्कारा टाके.

"काय दाजी?"

"काही उतरत नाही रे. झोप लागत नाही. तोंड बघ कसं ओढल्यासारखं झालंय काळजीनं."

"असू दे, असू दे," तो म्हणे. "वाढपी होणं काय कमीपणाचं न्हाई."

पण मार्चमध्ये त्याचीच तब्येत बिघडली. म्हणजे सुधारली. गाल भरले, मान कॉलरवर आली. नवी पँट दिवाळीपर्यंत कपाटात राहणार हे नक्की झालं. मिशी पुन्हा लहान दिसायला लागली. लाल वेष्टनात आपलं हलकं जेवण आहे अशा समजुतीनं तो शाही पुलाव रेटत होता, आणि हलकंच आहे म्हणून एकाच्या जागी दोन डबे घेत होता.

एका संध्याकाळी त्यानं मला बाजूला घेतलं. "दाजी, एक विचारू? ह्या कमी कॅलरीच्या जेवणानं उलट वजन वाढतं काय हो एखाद्याचं?"

"माझंच बघ की," मी म्हणालो.

"हां. ते हाय." तो विचारात पडला. "आणि चव सुधारल्यासारखी वाटती?"

"जीभ सरावते."

त्याला आणखी पुष्कळ विचारायचं होतं. तोंड उघडे, मिटे. पण पुढचा प्रश्न विचारायचा तर आधी चोरी कबूल करावी लागणार होती. त्या तोंडाकडे बघत मी रोज पाच मिनिटं उभा राही आणि घरी जाऊन दलिया खाई. तो दलिया मला गोड लागे.

*

एकसष्टीच्या सकाळी मी धोतर-सदऱ्यावर, उशीशिवाय, एकोणऐंशी किलो नऊशे ग्रॅम भरलो. शंभर ग्रॅमची फट. मी पाणीही प्यालो नाही. मग उशी बांधली आणि मंगल कार्यालयात गेलो.

मार्केट यार्डातून मोठा तराजू आणला होता. त्यावर माझ्याच काळातला शिक्का होता. रिकाम्या पारड्यांचा काटा मी सगळ्यांसमोर तपासला, दहा-दहा किलोच्या गुळाच्या ढेपाही एकेक करून तपासल्या. आठ ढेपा एका पारड्यात गेल्या. रणधीरनं आणखी तीन बाजूला मांडून ठेवल्या होत्या, लागतील म्हणून.

"तपासा, तपासा," तो म्हणाला. "नंतर काट्यात खोट म्हणू नका." आणि मग त्यानं पिशवीतून केशरी फेटा काढला. "थांबा. सत्कारमूर्ती बोडक्यानं बसायची न्हाई. माहेरचा मान हाय."

नऊ मीटरचा फेटा म्हणजे साडेतीनशे ग्रॅम. फट होती शंभरची. नाही म्हणावं तर मालनच्या माहेराचा अपमान. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. रणधीरनं फेटा बांधला, तुरा काढला, आणि मी पारड्यात बसलो.

पारडं धाडकन खाली आलं.

टाळ्या, शिट्ट्या. रणधीरनं वाढप्याचा पंचा माझ्यासमोर नाचवला. "घ्या दाजी! खांद्यावर घ्या!"

"धर जरा," मी म्हणालो, सदऱ्यात हात घातला, नाडी सोडली आणि उशी त्याच्या हातात दिली. तिच्यावर सशाची चित्रं होती.

पारडं हळूहळू वर आलं. पण पुरतं नाही. चार बोटं खालीच राहिलं. मी खिशातला मोबाईल काढून दिला. किल्ल्या दिल्या. घड्याळ दिलं. चष्मा दिला. शेवटी तोंडात बोटं घालून दोन्ही कवळ्या काढल्या आणि उशीवर ठेवल्या. दोन बोटं राहिली.

"फेटा उतरायचा न्हाई हं," रणधीर म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदा हवा कमी होती. "माहेरचा मान हाय."

मालन उठली. काठापदराचं नऊवारी सावरत पारड्यापाशी आली.

"माहेर माझं हाय," ती म्हणाली, "तर मानबी माझाच." तिनं माझ्या डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि आपल्या भावाच्या डोक्यावर ठेवला.

माझं पारडं वर गेलं. गूळ खाली.

चौतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो होतो. व्यापाऱ्याला प्रश्न विचारू नये. त्याला काटा दाखवावा आणि गप्प बसावं; तो आपण होऊन बोलतो. मी गप्प बसलो. कवळी नसल्यानं ते सोपंही होतं.

"असं होईलच कसं?" रणधीर ओरडला. "हिरव्या डब्यात तर मी स्वतः शाही भरत होतो!"

ते वाक्य कार्यालयाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं आणि तिथून परत आलं.

"कवापास्नं?" मालननं विचारलं.

उत्तर मागून उज्ज्वलानं दिलं. "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापास्नं, अक्का. संक्रांतीपास्नं दर मंगळवारी मी परत बदलत होते."

मालननं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे दात नव्हते, चष्मा नव्हता, बोलण्यासारखं काही नव्हतं. तिला बहुधा भजी आठवली असावीत; जी मी खाल्ली नव्हती ती. मग ती वळली. कोपऱ्यात एक न्हावी पेटी घेऊन बसला होता. मी त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, एका बाळाचं जावळ काढायचं आहे म्हणून.

"वस्तरा धुतलाय न्हवं?" मालन त्याला म्हणाली. "मग बसून काय ऱ्हायलास?"

"अक्का..." रणधीर म्हणाला.

"बस खाली."

न्हाव्यानं पाट मांडला, बाळ शोधलं, आणि परिस्थिती समजल्यावर व्यवसायधर्माला जागून साबण लावला. मिशीच्या जाडीमुळे त्याला वस्तरा दोनदा परजावा लागला. खाली रणधीरला एक वरचा ओठ निघाला. वीस वर्षं ऊन न पाहिलेला, फिकट, आणि अतिशय लहान.

*

मग पंगत.

या क्षणासाठी मी सहा महिने जगलो होतो. पहिली पंगत, पहिलं पान, मधोमध मी. कवळी बसवलेली. माझ्या बाजूला मालन, तिच्या पलीकडे उज्ज्वला, तीही बसलेली. आणि समोर, खांद्यावर पंचा, हातात जिलेबीचं ताट, उघड्या ओठाचा रणधीर. आजूबाजूची दोनशे माणसं घास हातात धरून बघत होती.

"मोज," मी म्हणालो.

"एक."

"मोठ्यानं."

"एक!" लोक हसले. मी जिलेबी खाल्ली. पाकाचा थेंब मनगटापर्यंत ओघळला, तो मी ओघळू दिला.

"दोन!" हशा. मी दुसरी खाल्ली.

"तीन!"

तिसरी मी हातात घेतली आणि थांबलो. चार महिने रोज दोन हिरव्या डब्यांवर राहिलेलं माझं पोट बंद झालं होतं. कुलूप लावून किल्ली कुणीतरी नेल्यासारखं. एक तुकडा तोडून तोंडात टाकला. तो नुसता फिरत राहिला. पानावर मसालेभात होता, भजी होती, बासुंदीची वाटी होती. त्यांच्याकडे हात जाईना.

"का ओ दाजी?" रणधीर म्हणाला. "बारापर्यंत मोजायचं ठरलंय. मी मोजतो की. मागं हटणार न्हाई." त्याच्या ओठावर अजून साबण होता. तो खरंच मोजायला तयार होता.

दोनशे माणसं वाट बघत होती. मालन माझ्या हातातल्या जिलेबीकडे बघत होती.

मी त्याला खुणेनं खाली वाकायला सांगितलं. तो ताटासकट वाकला. मी त्याच्या कानाशी लागलो.

"रणधीर," मी हळूच म्हणालो, "जरा दुकानापर्यंत जाऊन एक डबा गरम करून आणतोस का? हिरवा. आणि उघडून बघून आण."